स्क्लेरोडर्मा : बोटांच्या टोकांच्या जखमा आणि पॅकहाउसचं काम

निफाडची_सून
नमस्कार. मला सिस्टेमिक स्क्लेरोसिस आहे, म्हणजे कातडी कडक करणारा स्क्लेरोडर्मा. पिंपळगावजवळ द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये ग्रेडिंगला जाते. प्री-कूलिंगचं (माल गार करायच्या थंड खोलीचं) दार उघडलं की बोटं पांढरी, मग निळी. उजव्या तर्जनीच्या टोकाला तांदळाएवढी खोच पडलीय, वर पिवळट खपली. एवढीशी, पण ठणका असा की रात्री पांघरूणसुद्धा टेकवत नाही. कात्रीची कडी नेमकी तिथेच लागते. रक्तवाहिन्या सैल करायच्या निफेडिपिन गोळीने पाय सुजले, म्हणून डॉक्टरांनी सिल्डेनाफिल दिलंय, तीच व्हायग्रातली गोळी. मेडिकलवाल्याने चिठ्ठी बघितली, मला बघितलं, मग मिस्टरांना! सासूबाई म्हणतात हळद-तूप लाव. तुम्ही भाकरी-भांडी कशी करता? सीझन सोडावा लागेल का?

सिडकोची_मावशी
मेडिकलवाल्याला बघू दे गं. ती गोळी रक्तवाहिन्या सैल करते, फुफ्फुसातला दाब वाढला तरी देतात. फक्त छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी तिच्यासोबत कधीही नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेव.

हळद नको. कण खपलीखाली अडकतात. डेटॉलही नको, चरचरतं आणि नवी कातडी जाळतं. मी सलाइनने धुते, न चिकटणारं गॉज ठेवते, वरून सैल पट्टी. भांड्यांना आत सुती हातमोजे, वर मोठ्या मापाचे रबरी. भाकरी मात्र मी सोडली, पीठ भेगेत गेलं की जीव जातो. पोळ्यांना बाई लावली, घरात दोन दिवस तोंडं वाकडी होती, तिसऱ्या दिवशी सगळे जेवले.

नुसते हात झाकून भागत नाही. अंग गार पडलं की शरीर आधी बोटांचंच रक्त आखडतं. पहाटे निघताना कानटोपी, आत थर्मल, पायात मोजे. पण चुलीवर हात शेकू नकोस, बधिर बोटाला भाजलेलं कळत नाही.

जखमा पुन्हा पुन्हा होत असतील तर बोसेंटान नावाच्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचार. असलेली जखम त्याने लवकर भरत नाही, नव्या कमी होतात. दर महिन्याला लिव्हरची तपासणी मात्र करावी लागते.

नाशिकरोडचा_ब्रदर
ड्रेसिंगचं काम करतो म्हणून सांगतो. पू, वर चढणारी लाली, ताप किंवा टोक काळं पडणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. खपली ओढू नका. आत खडूसारखं टोचत असेल तर तो कॅल्शियमचा साठा असतो, दाबून काढू नका. बीपीला किंवा अर्धशिशीला प्रोप्रॅनोलॉल चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. नाक मोकळं करायच्या सर्दीच्या गोळ्याही मनाने नकोत. आणि ताई, मिश्री लावता का? तंबाखूनेही या गोळ्यांसारख्याच नसा आखडतात.

निफाडची_सून
मिश्री सासूबाईंची, माझी नाही 😄
सुपरवायझरला विचारते, ग्रेडिंगऐवजी लेबलवर बसवा म्हणून. ते टेबल बाहेरच्या शेडमध्ये आहे.

सिडकोची_मावशी
तोंडी विचारू नकोस. डॉक्टरांकडून ‘थंड खोलीत काम नको’ एवढं लिहून घे आणि मग जा.