मदत हवी आहे: एकाच जिवाणूला ब्लास्टमध्ये चार नावं, कोणतं धरायचं?

मुळालगत
नमस्कार. एमएस्सी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रकल्पासाठी तुरीच्या मुळांलगतच्या मातीतून एक जिवाणू वेगळा केला आहे. ग्राम पॉझिटिव्ह, दंडाकृती, बीजाणू तयार करणारा. प्लेटवर रायझोक्टोनिया बुरशीला चांगला रोखतो. जिवाणू ओळखायला वापरतात ते १६एस आरआरएनए जनुक २७एफ आणि १४९२आर या प्रायमरनी (जनुकाच्या दोन टोकांना बसणारे डीएनएचे छोटे तुकडे) वाढवून दोन्ही बाजूंनी सँगर सिक्वेन्सिंग करून घेतलं. एका बाजूने ८४० बेस (डीएनएची अक्षरं) आले, दुसऱ्या बाजूने ८३०. दोन्ही फाईली एकापुढे एक चिकटवून १,६७० बेसचा सिक्वेन्स एनसीबीआयच्या ब्लास्टमध्ये (साठवलेल्या सिक्वेन्सशी आपला सिक्वेन्स जुळवून पाहणारं साधन) टाकला.

वरच्या वीस हिटमध्ये बॅसिलस सबटिलिस, बॅसिलस व्हेलेझेन्सिस, बॅसिलस अमायलोलिक्विफॅशिएन्स आणि 'अनकल्चर्ड बॅक्टेरियम' असं सगळंच आहे. सगळीकडे साम्य ९९ टक्क्यांच्या वर, ई-व्हॅल्यू ०.०. सर्वांत वरचं नाव प्रबंधात लिहिलं तर चालेल का? शिवाय हा सिक्वेन्स जेनबँकेत (एनसीबीआयच्या सार्वजनिक साठ्यात) द्यायचा आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

ॲगारवाली
नावाचं नंतर पाहू, आधी सिक्वेन्स दुरुस्त करा. २७ आणि १४९२ हे ई. कोलायच्या जनुकावरचे क्रमांक आहेत. म्हणजे दोन प्रायमरच्या मधलं अंतर साधारण दीड हजार बेसच्या आत. त्यातून १,६७० बेस निघतीलच कसे?

ब्लास्टच्या निकालात मॅक्स स्कोअर (सर्वांत चांगल्या जुळलेल्या एका तुकड्याचा) आणि टोटल स्कोअर (सगळ्या तुकड्यांचा मिळून) हे दोन रकाने शेजारीशेजारी पाहा. टोटल जवळपास दुप्पट दिसेल. मग एखादी हिट उघडा: खाली दोन तुकडे जुळवलेले असतील, एकावर स्ट्रँड प्लस/प्लस आणि दुसऱ्यावर प्लस/मायनस. १४९२आरचा सिक्वेन्स समोरच्या धाग्यावरून उलटा वाचलेला असतो, तो तसाच चिकटवल्यामुळे हे झालं आहे. आधी त्याचा रिव्हर्स काँप्लिमेंट (क्रम उलटा करून प्रत्येक बेसच्या जागी त्याचा जोडीदार) काढायचा आणि मग दोन्ही एकमेकांवर बसवायचे. मधला साधारण अडीचशे बेसचा भाग दोन्हींत आलेला असणार, तो एकदाच धरायचा. हाती १,४०० ते १,४५० बेस राहिले पाहिजेत.

बायोएडिट हे सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात सिक्वेन्स मेन्यूत न्यूक्लिक ॲसिडखाली रिव्हर्स काँप्लिमेंट मिळेल आणि तुकडे जोडायला ॲक्सेसरी ॲप्लिकेशनमध्ये कॅप काँटिग असेंब्ली. मॅक किंवा लिनक्स असेल तर यूजीन वापरा.

आणि हे सगळं टेक्स्ट फाईलवर करू नका. सिक्वेन्सिंगवाल्यांकडून एबी१ फाईल (यंत्राच्या मूळ वाचनाची) मागून घ्या. क्रोमॅटोग्राम, म्हणजे प्रत्येक बेसचं शिखर दाखवणारा आलेख, डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सिक्वेन्सवर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. सुरुवातीचे तीसचाळीस बेस नेहमीच गिचमिड असतात, ते कापा. शेवटी शेवटी शिखरं बुटकी आणि पसरट होत जातात. तिथे एकाच बेसची रांग असली, की सॉफ्टवेअर पाच जी आहेत की सहा हे चुकीचं मोजतं. फ्रेड गुणांक (बेस किती खात्रीचा, त्याचा आकडा) २० म्हणजे शंभरात एक चूक. त्याच्या खाली सलग घसरण सुरू झाली, की तिथूनच कापून टाका.

तळ्यातमळ्यात
ॲगारवालीताईंशी सहमत. एक पुस्ती जोडतो. मध्येच एखाद्या जागी एकाखाली एक दोन शिखरं दिसली, तर लगेच 'कल्चर अशुद्ध आहे' असं समजू नका. बॅसिलस सबटिलिसच्या जीनोममध्ये आरआरएनएचे दहा ओपेरॉन (या जनुकांचे संच) असतात आणि त्या दहा प्रती तंतोतंत सारख्या नसतात. दोनचार ठिकाणी सी आणि टी दोन्ही दिसले, तर तिथे वाय लिहायचं. पण एका जागेपासून पुढे सगळीकडेच दुहेरी शिखरं असतील, तर एकतर दोन जिवाणू मिसळले आहेत, नाहीतर एखाद्या प्रतीत बेस कमीजास्त आहे. अशा वेळी कल्चर पुन्हा स्ट्रीक करून एकाच कॉलनीतून डीएनए काढा आणि पुन्हा करून पाहा.

आता मूळ प्रश्न. ई-व्हॅल्यूकडे पाहूच नका. इतक्या लांब सिक्वेन्सला जवळच्या सगळ्याच हिटना ०.० येणार. 'योगायोगाने एवढं जुळण्याची शक्यता नाही' इतकंच त्यातून कळतं, प्रजाती कळत नाही.

सर्वांत वरचं नाव उचलणं तर धोक्याचंच. जेनबँक हे कोठार आहे: ज्याने नोंद दिली, त्याने दिलेलं नाव तिथे राहतं आणि बदलायचं असेल तर त्यानेच बदलायचं. हल्ली व्हेलेझेन्सिस म्हणून ओळखले जाणारे कितीतरी स्ट्रेन आधी अमायलोलिक्विफॅशिएन्स या नावाने नोंदले गेले होते. एफझेडबी ४२ हा प्रसिद्ध स्ट्रेन त्यातलाच. जुन्या नोंदींवर जुनी नावं अजून दिसतात. नव्या लोकांनी त्यांच्याशी जुळवून आपलं नाव ठरवलं आणि पुन्हा जेनबँकेत भरलं. चुकांची अशी साखळी तयार होते.

म्हणून ब्लास्टच्या पानावर ठरलेला डेटाबेस बदला. आरआरएनए/आयटीएस डेटाबेस निवडून त्यात बॅक्टेरिया आणि आर्कियाचा १६एस संच घ्या. तो मुख्यतः टाइप स्ट्रेनचा आहे, म्हणजे ज्या स्ट्रेनवर प्रजातीचं नाव अधिकृतपणे टांगलेलं आहे त्यांचा. 'अनकल्चर्ड' ची गर्दी तिथे नसते. जोडीला इझेडबायोक्लाउड या संकेतस्थळावर आयडेंटिफाय चालवा, नोंदणी लागते. नाव आजही वैध आहे का, हे एलपीएसएनवर (जिवाणूंच्या नावांची ऑनलाइन सूची) पाहायचं.

मुळालगत
खूप आभार. एबी१ मागवल्या. खरंच टोटल स्कोअर दुप्पट होता! आता कापून-जोडून १,४२१ बेस झाले. १६एस संचात व्हेलेझेन्सिसशी १,४१८ बेस जुळतात, म्हणजे ९९.७९ टक्के. सबटिलिसशी १,४१६, म्हणजे ९९.६५. प्रजातीसाठी ९८.६५ टक्क्यांची मर्यादा वाचली होती. मग व्हेलेझेन्सिस नक्की?

तळ्यातमळ्यात
नाही. त्या मर्यादेची ही नेहमीची गफलत आहे. साम्य ९८.६५ च्या खाली गेलं तर प्रजाती वेगळी असण्याची शक्यता मोठी. पण वर गेलं म्हणून प्रजाती एकच, असं होत नाही. या गटात १६एस जवळजवळ सारखंच असतं. तुमच्याकडे दोन नावांत फरक आहे अवघ्या दोन बेसचा, आणि तेवढा फरक एकाच जीनोमच्या दोन ओपेरॉनमध्येही सापडू शकतो. न जुळणारे ते तीन बेस कुठे आहेत ते क्रोमॅटोग्रामवर जाऊन पाहा. शेवटच्या वीस बेसमध्ये असतील तर ते जिवाणूचे नसून कापायचे राहिलेले आहेत.

ॲगारवाली
प्रजातीपर्यंत जायचंच असेल तर जायर-बी या दुसऱ्या जनुकाचं सिक्वेन्सिंग करा. यूपी-१ आणि यूपी-२आर या प्रायमरनी साधारण १,२०० बेसचा तुकडा मिळतो. इथे एक खाचखळगा आहे. हे प्रायमर डीजनरेट आहेत, म्हणजे एका नावाखाली अनेक सिक्वेन्सचं मिश्रण. सिक्वेन्सिंगलाही तेच दिले तर वाचन गढूळ येतं. त्यांच्या टोकाला मुद्दाम एक ठरावीक शेपूट जोडलेलं आहे. सिक्वेन्सिंगसाठी त्या शेपटावर बसणारे यूपी-१एस आणि यूपी-२एसआर द्या.

आलेला सिक्वेन्स ब्लास्टच्या वरच्या नावाशी न जुळवता टाइप स्ट्रेनशी जुळवा. सबटिलिससाठी डीएसएम १०, अमायलोलिक्विफॅशिएन्ससाठी डीएसएम ७ (डीएसएम हे जर्मनीतल्या कल्चर संग्रहाचे क्रमांक). सबटिलिस १६८ सगळीकडे दिसतो, पण तो टाइप स्ट्रेन नव्हे. सगळे एकत्र घेऊन मेगा या सॉफ्टवेअरमध्ये वंशावळीचं झाड काढा, १,००० बूटस्ट्रॅप (फांद्या किती पक्क्या ते तपासणाऱ्या फेऱ्या). बाहेरचा गट म्हणून बॅसिलस सेरियस चालेल. पूर्ण जीनोम करता आला तर प्रश्नच मिटतो: टाइप स्ट्रेनशी एएनआय (दोन जीनोममधलं सरासरी साम्य) ९५-९६ टक्क्यांच्या वर असेल तर प्रजाती तीच.

जुना_ग्रंथपाल
संदर्भ शोधताना एक लक्षात असू द्या. पबमेडमध्ये सारांश असतो, पूर्ण लेख पीएमसीमध्ये (पबमेड सेंट्रल). पबमेडच्या डावीकडे 'फ्री फुल टेक्स्ट' ची खूण केली की मोफत उघडणारेच लेख राहतात. जिवाणूचं जुनं आणि नवं अशी दोन्ही नावं मध्ये ऑर टाकून शोधा, नाहीतर २०१६ च्या आधीचे बरेच काम हाती लागणार नाही. महाविद्यालय शासकीय असेल तर ग्रंथालयात 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या सरकारी योजनेबद्दल विचारा. २०२५ पासून बरीच नियतकालिकं त्यातून उघडतात.

मुळालगत
जायर-बीचे पैसे या सत्रात नाहीत. मग जेनबँकेत काय नाव देऊ?

ॲगारवाली
'बॅसिलस एसपी.' (म्हणजे प्रजाती न ठरलेला बॅसिलस) आणि पुढे तुमच्या स्ट्रेनचा क्रमांक. त्यात कमीपणा काही नाही. प्रबंधात 'बॅसिलस सबटिलिस गटातील' असं लिहा. एनसीबीआय त्या नावापुढे कंसात काही जोडेल, दचकू नका. बॅसिलस नावाचे काडीकिडेही आहेत, म्हणून वेगळं ओळखायला ती सोय.

सबमिशन पोर्टलवर आरआरएनए/आयटीएसचा पर्याय घ्या. फास्टा फाईलच्या (सिक्वेन्सची साधी टेक्स्ट फाईल) पहिल्या ओळीत '>' या खुणेनंतर लगेच छोटं नाव, मध्ये मोकळी जागा नको. स्ट्रेन, नमुना घेतल्याची तारीख आणि ठिकाण भरा; 'तुरीच्या मुळांलगतची माती' हे आयसोलेशन सोर्समध्ये. प्रायमरचे बेस टोकाला राहिले असतील तर काढा. प्रबंध सादर होईपर्यंत नोंद झाकून ठेवायची असेल तर रिलीजची तारीख पुढची द्या. ॲक्सेशन क्रमांक, म्हणजे नोंदीचा क्रमांक, आधीच मिळतो, तो प्रबंधात छापता येतो.

तळ्यातमळ्यात
आणि कल्चर फक्त फ्रीजमधल्या स्लँटवर ठेवू नका. २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० ला दोन कुप्या, आणि शक्य असेल तर पुण्याच्या एनसीएमआर या सूक्ष्मजीवांच्या राष्ट्रीय संग्रहात एक प्रत जमा करा. पुढच्या वर्षी कुणी जायर-बी करायला घेतलं, तर नेमका हाच स्ट्रेन हाताशी हवा.