मदत हवी आहे : आबांचं काचबिंदूचं ऑपरेशन इकडंच करावं की जर्मनीला न्यावं?

नमस्कार मंडळी,

आमच्या आबांना (वय ६८) दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे, उजव्यात जास्त. रात्री लॅटानोप्रोस्टचा थेंब चालूय, सकाळ-संध्याकाळ टिमोलॉल आणि ब्रिमोनिडीनचे एकत्र थेंब, तरी उजव्या डोळ्याचं प्रेशर २६ च्या खाली येईना. फील्ड टेस्टची (आजूबाजूचं किती दिसतं त्याची) तर वेगळीच कथा, ठिपका दिसला की बटण दाबा म्हणून सांगितलं तर आबा गड्ड्याच्या जत्रेत फुगे फोडल्यासारखं दिसो न दिसो दाबत सुटतात, शेवटी मॅडमनी परत घेतली टेस्ट. रिपोर्ट चांगला नाहीच.

इथल्या डॉक्टरांनी ट्रॅबेक्युलेक्टॉमी सांगितलीय, म्हणजे डोळ्यातलं पाणी बाहेर पडायला नवी वाट करून प्रेशर उतरवायचं ऑपरेशन. आता धाकटा भाऊ स्टुटगार्टला असतो, तो मागं लागलाय की इकडं आणा, इकडं पाणी निघायला बारीक नळी, स्टेंट टाकतात, चार दिवसांत माणूस मोकळा, सोलापूरच्या धुळीत कशाला डोळा उघडताय वगैरे. आई म्हणते तिकडं कापून आणल्यावर इथं दुखलं तर दाखवायचं कुणाला? मला दोघांचंही पटतं आणि हीच अडचण आहे. व्हिसा, इन्शुरन्स, विमानात प्रेशरचं काय, स्टेंट खरंच बरा का, कुणी परदेशात करून आलंय का, जे माहिती असेल ते सांगा. आणि व्हॉट्सॲपवर एकानं स्टेम सेलनं गेलेली नजर परत येते म्हणून एका परदेशी क्लिनिकचा व्हिडिओ पाठवलाय, आबांनी तो दहा जणांना दाखवून झालाय.

— सातरस्तावाला

म्युनिकची काकू : भावाला आधी पैशाचं विचारा. इथल्या सरकारी विम्यात बायको-मुलं फुकट येतात, आईवडील येत नाहीत. व्हिजिटर व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, त्याला ३० हजार युरोचा प्रवासी विमा सक्तीचा असतो, पण तो अचानक काही झालं तर. आधीपासूनच्या काचबिंदूचं ठरवून केलेलं ऑपरेशन त्यात बसत नाही. उपचारासाठी यायचं तर तसाच व्हिसा काढावा लागतो, हॉस्पिटलचं पत्र आणि खर्चाची सोय दाखवून. लेकाला भेटायला चाललोय सांगून ऑपरेशन उरकायचं असलं काही करू नका, पुढच्या व्हिसाला नडतं.

चष्मेवाली : मी ऑप्टोमेट्रिस्ट, डॉक्टर नाही, पण रोज हेच पेशंट बघते म्हणून जरा लांबण लावते. तो व्हिडिओ आधी डिलीट करा. काचबिंदूत नस सुकते आणि सुकलेली नस परत आणायची सोय आज कुठल्याच देशात नाही, ऑपरेशननंसुद्धा गेलेली नजर येत नाही, जी उरलीय ती टिकवायला प्रेशर उतरवतात, बस. हे आबांना ऑपरेशनच्या आधीच सांगा, नंतर "एवढं करून काय उपयोग" चालू होतं.

स्टेंटचं म्हणाल तर अँगलमध्ये, म्हणजे डोळ्यातलं पाणी निघून जातं त्या कोपऱ्यात बसवायचे जे छोटे स्टेंट आहेत ते सुरुवातीच्या किंवा मधल्या स्टेजला बरे, प्रेशर साधारण १५-१६ पर्यंत आणतात. नस जास्त गेली असेल तर त्याहून खाली आणावं लागतं आणि तिथं १९६८ पासून चालत आलेली ट्रॅबेक्युलेक्टॉमीच अजून भरवशाची. झेन म्हणून ६ मिमीची मऊ नळी असते तीसुद्धा ट्रॅबेक्युलेक्टॉमीसारखंच पाणी डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ पडद्याखाली सोडते, म्हणजे फुगवटा, त्याची निगा, कधीकधी सुईनं मोकळं करणं हे सगळं आलंच. नवीन म्हणजे चांगलंच असंही नाही. सायपास नावाचा स्टेंट अमेरिकेत २०१६ ला आला आणि बुबुळापुढच्या पारदर्शक पडद्याच्या (कॉर्नियाच्या) पेशी कमी व्हायल्यात म्हणून २०१८ ला कंपनीनंच परत घेतला. म्हणून काही बसवलंच तर त्याचं कार्ड जपून ठेवायचं.

आणि आईंचा प्रश्न सगळ्यात बरोबर आहे. ऑपरेशन तासाभराचं असतं, खरं काम त्याच्या पुढं. दुसऱ्या दिवशी तपासणी, मग महिना-दीड महिना जवळजवळ दर आठवड्याला, त्यात टाका ढिला करणं, प्रेशर फारच उतरलं तर ते सांभाळणं, स्टेरॉइडचे थेंब दोन-तीन महिने कमी कमी करत न्यायचे. हे ज्यानं ऑपरेशन केलं त्यानंच केलेलं बरं. जर्मनीला नेलंत तर तेवढे दिवस तिथं राहायची तयारी हवी. डावा डोळाही आहेच की पुढं.

विमानाची भीती नको, डोळ्यात गॅस भरला नसेल तर. गॅस सहसा डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या ऑपरेशनला भरतात, तो जिरेपर्यंत उडायचं नाही.

हुतात्मावाला : माझ्या सासूबाईंचं मेव्हण्याकडं परदेशात झालं, ऑपरेशन उत्तम. इकडं आल्यावर डोळा लाल झाला तर ज्यांना दाखवलं त्यांनी विचारलं मायटोमायसिन (जखम भरून वाट बुजू नये म्हणून लावतात ते औषध) किती लावलं होतं, टाके कसले, आमच्याकडं नुसतं बिल! पुण्याला पळालो. तिकडं करा नायतर इकडं, ऑपरेशन नोट हातात घेतल्याशिवाय हॉस्पिटल सोडू नका.

चष्मेवाली : अगदी. आणि जाताना जुन्या सगळ्या फील्ड टेस्ट, ओसीटी (नसेचा स्कॅन), कॉर्नियाची जाडी, थेंब सुरू व्हायच्या आधीचं प्रेशर, औषधांची कंपनीची नावं नकोत, मूळ नावं लिहून न्या, रक्त पातळ करायची एकोस्प्रिन चालू असेल तर तेही. ऑपरेशननंतर कितीही वर्षांनी डोळा लाल, चिकट, दुखरा किंवा धूसर झाला तर डोळे आलेत म्हणून मेडिकलमधून थेंब आणायचे नाहीत, त्याच दिवशी डॉक्टर. तुम्ही भावंडांनीही प्रेशर आणि नस तपासून घ्या, घरात असला की धोका वाढतो.

सातरस्तावाला : सगळ्यांचे आभार. भावाला धागा वाचायला दिला, इन्शुरन्सचं त्याला माहितीच नव्हतं, जरा गप्प झालाय. आता ठरलंय की आधी हैदराबादला सेकंड ओपिनियन घ्यायचं, रात्रीत पोचतो आपण, आणि आबांना तेलुगू येतं त्यामुळं तेच सगळ्यात खूश. तिथं ट्रॅबेक्युलेक्टॉमीच म्हणाले तर तिथंच, भाऊ सुट्टी काढून येतो म्हणालाय. एक राहिलंच, लॅटानोप्रोस्ट फ्रिजमध्ये असतं, या उन्हात गाडीत कसं न्यायचं?

चष्मेवाली : न उघडलेली बाटली फ्रिजची. उघडलेली ६ आठवडे बाहेर चालते, पण २५ डिग्रीपर्यंत, आणि सोलापूरचा मे म्हणजे तुम्हाला माहितीये. छोट्या थर्मासमध्ये ठेवा, बर्फाला चिकटवू नका. आणि तपासणीला जायचंय म्हणून स्वतःहून थेंब बंद करू नका, आदल्या रात्रीचा नेहमीसारखा घाला.