सर्वे करून गेलेली पोरं परत येतात का हो?

माणदेशी_पोरगा: मंडळी, एक विचारायचं होतं. मागच्या वर्षी एमएसडब्ल्यूची, म्हणजे समाजकार्य शिकणारी कॉलेजची पोरं आमच्या गावात येऊन घरोघर म्हातारी माणसं आणि दिव्यांगांचा सर्वे करून गेली. माझ्या आजीपाशी पाऊण तास बसलेली, दिसतं का, ऐकू येतं का, संडासला कोण नेतं, सगळं विचारलं, आजीने चहा पण पाजला. नंतर कुणाचा पत्ता नाही. आता आजी मलाच विचारते, "पोरींनी लिहून नेलं त्याचं काय झालं रे?" असल्या अभ्यासातून गावाला काही मिळतं का, की नुसते पोरांना मार्क?

वैदर्भी: बहुतेकदा मार्कच. पण गडचिरोलीत 'सर्च' या आरोग्य संस्थेवाल्यांनी ८६ गावांत कोण कशानं गेलं याचा अभ्यास केला, तर सातातला एक मृत्यू लकव्यानं! २०१५ ला ते छापून आलं. तोवर आपल्याला वाटायचं लकवा, बीपी हे शहरातल्या लोकांचे आजार. मग त्यांनी गावातल्याच आरोग्यसेवकांना बीपी बघायचं ट्रेनिंग दिलं. फरक एवढाच की ते लोक तिथेच राहतात, सर्वे करून एसटीनं परत जात नाहीत.

सुनंदाताई: गोव्यात 'संगाथ' संस्थेने डिमेन्शिया, म्हणजे म्हातारपणी स्मृती जाण्याचा आजार, झालेल्यांच्या घरच्यांसाठी केलेलं बघा. डॉक्टर नाही, बारावी शिकलेली, तिथली भाषा येणारी माणसं घरी पाठवली, सहा महिने. ८१ कुटुंबं होती, अर्ध्यांना लगेच मदत आणि बाकीच्यांना नंतर, म्हणजे तुलना करता येते. २००८ ला निकाल आला. पेशंट काही बरा होत नाही हो, पण सांभाळणाऱ्याच्या मनावरचा ताण कमी झाला. मी सासूबाईंचं आठ वर्षं केलं, मला कुणी "तुम्ही कशा आहात" एवढं जरी विचारलं असतं ना...

माजी_मेंबर: पंचायतीत पाच वर्षं काढली म्हणून सांगतो. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचाच असतो. आमच्याकडे मार्च आला की आठवण व्हायची, मग सगळ्यांना सारखे पैसे वाटून मोकळे, कारण कुणाला काय लागतं याची यादीच नाही. आणि ज्याच्याकडे दिव्यांगाचं सर्टिफिकेट नाही तो हिशोबातच नाही, म्हणजे ऐकू न येणारी कितीतरी म्हातारी माणसं बाहेर. तुमच्या सर्वेत नेमकं तेच आहे दादा! कॉलेजकडे अर्ज करा, नावं नकोत, नुसते आकडे मागा, श्रवणयंत्र किती जणांना, संडासात धरायला दांडा किती घरात हवा. 'आमचं गाव आमचा विकास'चा, म्हणजे पंचायतीच्या विकासकामांचा, आराखडा बनतो तेव्हा ग्रामसभेत ठेवा आणि प्रोसिडिंगला, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, नोंद करून घ्या, नुसतं बोललेलं हवेत जातं.

माणदेशी_पोरगा: भारी सांगितलंत काका. कॉलेजला फोन केला, म्हणे रिपोर्ट लायब्ररीत आहे, येऊन बघा. सोमवारी जातो. आजी म्हणतीये दवाखान्याच्या पायरीचं पण लिहायला सांग, तेव्हा सांगायचं राहिलं.