उत्तर: रॅपर लवकर का संपतात

‘पस्तिशीनंतर रॅपरला विचारतो कोण’ असं कारण काहीजण देतात, ते अर्धंच खरं. नवं गाणं चालेनासं झालं तरी रॉकवाल्यांचं घर जुन्या गाण्यांवर चालतं. अमेरिकन हिप-हॉपमध्ये घोळ तिथेच आहे, कारण सॅम्पल, म्हणजे जुन्या रेकॉर्डिंगमधून उचलून नव्या गाण्यात वापरलेला तुकडा. एका सॅम्पलला दोन परवानग्या लागतात: मूळ रेकॉर्डिंगच्या मालकाची आणि चाल-शब्दांच्या हक्कदाराची. १९९१ मध्ये रॅपर बिझ मार्कीविरुद्धचा कोर्टाचा निकाल आला आणि विनापरवानगी सॅम्पल वापरणं कंपन्यांना परवडेनासं झालं. तेव्हापासून एकेका गाण्याच्या लेखनहक्काचा (चाल-शब्दांच्या हक्काचा) मोठा वाटा मूळ गाण्याच्या हक्कदारांकडे परस्पर जातो, कधीकधी सगळाच.

त्याआधीच्यांचं तर विचारूच नका. डे ला सोल या हिप-हॉप गटाचा पहिला अल्बम १९८९ चा, सॅम्पलांनी खच्चून भरलेला. जुन्या परवानग्यांमध्ये डिजिटल विक्रीचा विचारच नव्हता. तो स्ट्रीमिंगवर आला मार्च २०२३ मध्ये! मधल्या काळात वाढलेल्या श्रोत्यांपर्यंत तो पोचणार कसा? मूळ तुकडा स्टुडिओत नव्याने वाजवून घेतला तर रेकॉर्डिंगची परवानगी टळते, लेखनहक्काची मात्र नाही. शिवाय कंपनीने आगाऊ दिलेली रक्कम (ॲडव्हान्स) रॉयल्टीतून वळती होईपर्यंत हातात काही पडत नाही, तो भाग वेगळाच.