ऑफिसचा मेल विंडोजवर फेचमेल-प्रोकमेलनं आणावा का? मी म्हणतो, आणावा

सावद्याचा_हिशेबनीस
राम राम मंडळी. सावद्याला केळी खरेदीचं ऑफिस आहे, तिथला हिशेब मी बघतो. पाच वेगवेगळी मेलखाती. दिल्लीच्या व्यापाऱ्यांच्या ऑर्डरी, ई-वे बिलं, बँकेचे मेल, आणि त्यावर जाहिरातींचा ढीग. गेल्या हंगामात एका गाडीच्या बिलाचा मेल त्या ढिगात दबला, पैसे दोन दिवस अडकले. शेतकऱ्याला तोंड मला द्यावं लागलं.

तेव्हा विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय) घेऊन त्यात उबुंटू हे लिनक्स टाकलं. फेचमेल पाचही खात्यांतून मेल ओढतं, प्रोकमेल ते नियमाप्रमाणे फोल्डरांत वाटून देतं. नियम तीन ओळींचा: पहिलीत कोलन आणि शून्य, दुसरीत तारका आणि अट, तिसरीत फोल्डरचं नाव. पाच खात्यांना एकच नियमावली, साध्या मजकुराच्या फाइलीत. मेल प्रोकमेलच्या हाती नीट पडल्याशिवाय फेचमेल तो सर्व्हरवरून काढत नाही, त्यामुळे मध्येच लाइट गेली तरी धोका नाही. छोट्या ऑफिसांनी हे करावंच असं माझं मत आहे.

भुसावळ_यार्ड
भाऊ, तळमळ पटली, उपाय पटला नाही. प्रोकमेलचा इतिहास बघा. २००१ नंतर वीसेक वर्षं नवी आवृत्ती नाही. २०१४ मध्ये ज्यांच्याकडे ते सांभाळायला होतं त्यांनीच ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांना ते काढून टाका म्हणून सांगितलं. मूळ लेखक स्टीफन व्हॅन डेन बर्ग २०२० मध्ये परतले, ३.२४ आवृत्ती २०२२ मध्ये आली. धंद्याचा मेल अशा भरवशावर ठेवायचा?

दुसरं, जीमेलला २०२२ पासून नुसता नेहमीचा पासवर्ड चालत नाही, अशा प्रोग्रामसाठी वेगळा सोळा अक्षरी ॲप पासवर्ड काढावा लागतो. तो तुम्ही फेचमेलच्या फाइलीत उघडाच लिहिला असणार. थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्राम टाका, पाच खाती जोडा, फिल्टर लावा. उद्या तुम्ही आठ दिवस लग्नाला गेलात तर तुमच्या जागी बसणाऱ्या पोराला तेच जमेल.

सावद्याचा_हिशेबनीस
पासवर्डाचं खरं आहे, उघडाच असतो. म्हणून तर ती फाइल दुसऱ्या कुणाला वाचता येत असेल तर फेचमेल चालायलाच नकार देतं. मी आधी ती सी ड्राइव्हवर ठेवली होती. तिथल्या फाइली उबुंटूला सगळ्यांसाठी खुल्या दिसतात, परवानगी ६०० (म्हणजे फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी) करून बघितली तरी फरक नाही. उबुंटूच्या आपल्या होम फोल्डरात हलवली, ६०० केलं, लगेच चाललं. थंडरबर्डचे फिल्टर तो उघडा असेल तेव्हाच चालतात. माझं काम विंडोजचा टास्क शेड्यूलर (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारा) दर दहा मिनिटांनी करून टाकतो, कुणी लॉगिन करून नुसतं बसलं असलं तरी.

धुळ्याची_माई
दादा, मी हेच सिग्विनवर (विंडोजवर लिनक्ससारखे प्रोग्राम चालवायची दुसरी सोय) काही वर्षं चालवलं, म्हणून दोन गोष्टी सांगते. नियमांची फाइल नोटपॅडमध्ये लिहू नका. विंडोजच्या पद्धतीनं ओळीच्या शेवटी एक जास्तीचं अदृश्य अक्षर बसतं, आणि फोल्डरच्या नावालाही ते चिकटतं. माझा अख्खा दिवस त्यात गेला.

आणि फेचमेलच्या फाइलीत 'कीप' (सर्व्हरवरचा मेल राहू दे) लिहिलंय ना? ते नसेल तर फेचमेल मेल आणून झाल्यावर सर्व्हरवरचा पुसतं. माझ्या एका खात्यातला सहा महिन्यांचा पत्रव्यवहार असाच इकडे आला आणि पुढच्या आठवड्यात ती डिस्क गेली. आजही आठवलं की वाईट वाटतं. पहिले दोन-तीन महिने 'कीप' काढूच नका.

भुसावळ_यार्ड
माई म्हणतात तेच माझं म्हणणं. एक शब्द राहिला आणि सहा महिने गेले. हे ज्याच्या त्याच्या हातात द्यायचं हत्यार नाही.

आणि दादा, तुमचे व्यापारी विषय मराठीत-हिंदीत लिहितात ना? मग प्रोकमेलची अट लागणारच नाही. देवनागरी विषय मेलमध्ये जसाच्या तसा जात नाही, बहुतेक वेळा बेस६४ मध्ये, म्हणजे रोमन अक्षरं-आकड्यांच्या सांकेतिक रूपात, गुंडाळून जातो. 'केळी' या शब्दाची सोळा रोमन अक्षरं होतात, आणि आधी एक स्पेस आली की तीही बदलतात. प्रोकमेल ते गुंडाळलेलंच वाचतं. थंडरबर्ड आधी उलगडतो, मग तपासतो. आपल्या भाषेत काम करणाऱ्याला याहून मोठं कारण काय हवं?

सावद्याचा_हिशेबनीस
हे मात्र मी तपासलंच नव्हतं. आत्ता बघितलं. 'केळी' असलेले अकरा मेल आजच्या सरमिसळ फोल्डरात पडलेत, एकही ऑर्डरीत गेलेला नाही. पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरचे नियम सगळे बरोबर लागलेत. तुमचा मुद्दा मान्य, आणि तो लहान नाही.

धुळ्याची_माई
त्यासाठी सगळं मोडू नका. प्रोकमेल काढा, फेचमेल राहू द्या. डव्हकॉट हा मेल सर्व्हर टाकून त्याचं सीव्ह (मेल वाटायचे नियम लिहायची भाषा) वापरा. सीव्ह विषय उलगडून मग तुलना करतं, अटीत सरळ 'केळी' लिहा. फेचमेलमध्ये मेल कुणाच्या हाती द्यायचा ती एकच ओळ बदलते. मी आता तेच चालवते.

भुसावळ_यार्ड
सीव्ह असेल तर माझी अर्धी हरकत गेली. त्या पोराबद्दलची हरकत उभीच आहे.

सावद्याचा_हिशेबनीस
पोराला उद्यापासून शेजारी बसवतो, सीव्हचे नियम त्याच्याच हातानं लिहून घेतो. 'कीप' आहे, आत्ताच उघडून बघितलं. ते अकरा मेल हातानं ऑर्डरीत टाकले. त्यातल्या दोन गाड्या उद्या पहाटे भरायच्या आहेत, आता फोनाला लागतो.