योगशिक्षक प्रशिक्षण : महिनाभराचे निवासी की वर्षभराचे?

सातारकर : मी ५२ वर्षांची असून नऊ वर्षांपासून नियमित योगाभ्यास करते. स्वेच्छानिवृत्तीनंतर आमच्या सोसायटीतील ज्येष्ठ नागरिकांचा वर्ग घेण्याचा विचार आहे. महिनाभराचा २०० तासांचा निवासी अभ्यासक्रम आणि शनिवार-रविवारी चालणारा वर्षभराचा अभ्यासक्रम, असे दोन पर्याय आहेत. पहिल्याच्या माहितीपत्रकावर ‘आंतरराष्ट्रीय मान्यता’ असे ठळक छापले आहे. तिला आपल्याकडे कितपत अर्थ आहे?

नीलमोहर : २०० तासांचे हे माप अमेरिकेतील योग अलायन्समुळे रूढ झाले, ती नोंदणी करणारी खासगी संस्था आहे, सरकारी नव्हे. परदेशात शिकवायचे असल्यास त्या नोंदणीचा उपयोग होतो. आपल्याकडे आयुष मंत्रालयाशी संलग्न योग प्रमाणन मंडळ लेखी व प्रात्यक्षिक परीक्षा घेते, परंतु तीही ऐच्छिक आहे.

निवृत्त शिक्षिका : प्रमाणपत्रापेक्षा, प्रत्येक विद्यार्थ्याला प्रत्यक्ष किती पाठ घ्यायला मिळतात, हे दोन्ही ठिकाणी विचारावे. माझ्या पहिल्या पाठात स्वतः आसन नीट करून दाखवण्याच्या नादात वर्गाकडे पाहायचेच राहिले आणि मागच्या रांगेतील एक गृहस्थ श्वास रोखून, चेहरा लाल होईपर्यंत पश्चिमोत्तानासनात वाकत होते, हे मला परीक्षकांनी सांगितले. आपल्याला आसन येणे आणि दुसऱ्याच्या शरीराकडे पाहता येणे या दोन वेगळ्या विद्या आहेत, आणि दुसरी महिनाभरात येत नाही (मला तरी आली नाही).

ज्येष्ठांच्या वर्गात हे अधिकच जपावे लागते. काचबिंदू असलेल्यास शीर्षासनासारखी उलटी आसने देऊ नयेत, हाडे ठिसूळ झालेल्यास कंबरेतून खोल वाकवू नये, उच्च रक्तदाब असलेल्यास जोराची कपालभाती सांगू नये. म्हणून पहिल्या दिवशीच प्रत्येकाच्या आजारांची नोंद करून घ्यावी. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी खुर्ची, पट्टे आणि लाकडी ठोकळे यांच्या आधाराने आसने करण्याची जी पद्धत विकसित केली, तिचा थोडा तरी परिचय करून घ्यावा, कारण तुमच्या वर्गातील निम्म्या लोकांना जमिनीवर बसताच येणार नाही.

सातारकर : आपल्या सूचनेप्रमाणे दोन्हीकडे दूरध्वनी केला. निवासी अभ्यासक्रमात प्रत्येकाला दोन पाठ मिळतात, तेही सहाध्यायांवरच. वर्षभराच्या अभ्यासक्रमात बारा, त्यांपैकी चार बाहेरच्या वर्गावर. मी दुसऱ्याचा अर्ज आणला आहे. सोसायटीतील खुर्च्या मात्र प्लास्टिकच्या आहेत, त्या चालतील का?

निवृत्त शिक्षिका : नाही, त्या सरकतात. लोखंडी घडीच्या, बिनहाताच्या खुर्च्या घ्याव्यात आणि त्या भिंतीला टेकवूनच वापराव्यात.