मदत हवी आहे: 'मुस्तफा' गेमची त्या काळातली परीक्षणं कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी,

१९९६-९७ च्या सुमारास नाशिकरोडला बिटको चौकाजवळ एका गाळ्यात व्हिडिओ गेम पार्लर होतं. प्रेसच्या क्वार्टर्समधली आम्ही पोरं शाळा सुटली की तिथेच पडीक. आत अंधार, चार मशीन, आणि सगळी गर्दी एकाच मशीनवर. नंबर लावायचा तर आपलं नाणं स्क्रीनखालच्या पट्टीवर ठेवून द्यायचं. ठेवलेल्या नाण्याला कुणी हात लावत नसे.

तो गेम म्हणजे 'मुस्तफा'. खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', कॅपकॉम या जपानी कंपनीचा, १९९३ चा. मार्क शुल्ट्झच्या कॉमिकवरून केलेला. चौघांतून एक खेळाडू निवडायचा असे, पण आमच्याकडे प्रत्येकाला पिवळ्या टोपीचा मुस्तफाच हवा. तो सगळ्यांत चपळ, आणि पळत येऊन त्याने लाथ घातली की दोघं-तिघं एकदम आडवे. तिसऱ्या टप्प्यात कॅडिलॅक गाडी हाती आली की मागे उभी असलेली पोरंही ओरडायची.

शाळेतल्या मित्रांच्या दिवाळी अंकासाठी यावर लेख लिहितोय. नुसत्या आठवणी नकोत, तेव्हाचे समीक्षक काय म्हणाले तेही द्यायचंय. भाचा म्हणतो, "मामा, मेटाक्रिटिकवर स्कोअर दिसत नाही, मग एवढा भारी कसा?" समीक्षकांचे गुण एकत्र करून दाखवणारी मेटाक्रिटिक ही वेबसाइट सुरूच झाली २००१ साली, हे त्याला सांगितलं. पण त्याचा प्रश्न डोक्यातून जात नाही.

शोधाशोध केली तर दोन ठिकाणी अडलो. एक म्हणजे याच नावाचा, सेगा सीडी या घरच्या गेम यंत्रावरचा १९९४ चा गेम. तो गाडी चालवत गोळ्या झाडण्याचा, अगदीच वेगळा. त्याची परीक्षणं मुस्तफाची म्हणून माथी मारली जातात. सुरुवातीला मीही फसलो आणि अर्धं पान लिहून खोडलं.

दुसरी अडचण मोठी. तेव्हाची बहुतेक मासिकं घरच्या कन्सोलवरच्या (टीव्हीला जोडायच्या गेम यंत्रावरच्या) कार्ट्रिजला, म्हणजे त्यात घालायच्या गेमच्या डबीला, गुण द्यायची, आणि मुस्तफा घरच्या कन्सोलवर कधी आलाच नाही. त्याच पठडीतला 'फायनल फाइट' (१९८९) सुपर निन्टेन्डो या कन्सोलवर आला, पण तिथे गाय हा खेळाडू गाळला, एक अख्खा टप्पा गाळला आणि दोघांनी मिळून खेळायची सोयही काढली. म्हणजे त्या कार्ट्रिजचं परीक्षण वाचून पार्लरमधल्या फायनल फाइटबद्दल काय कळणार?

गुण कसे वाचायचे हाही प्रश्न आहेच. जपानच्या 'फामित्सू' या गेम नियतकालिकात चार परीक्षक प्रत्येकी दहापैकी गुण देतात, बेरीज चाळीसपैकी. पूर्ण चाळीस पहिल्यांदा मिळाले ते १९९८ मध्ये, झेल्डा मालिकेतल्या 'ओकारिना ऑफ टाइम' या गेमला. ब्रिटनच्या 'एज' मासिकाने १९९४ मध्ये 'डूम' या गाजलेल्या गेमला दहापैकी सातच दिले होते. त्यामुळे तेव्हाचा सात म्हणजे आजचा सात नव्हे, असं माझं ठाम मत झालंय. चूक असेल तर जाणकारांनी जरूर सांगावं.

आता नेमकी मदत अशी हवी आहे. जपानचं 'गेमेस्ट' हे १९८६ ते १९९९ निघालेलं मासिक आर्केड गेम्सना, म्हणजे पार्लरमधल्या नाणं टाकून खेळायच्या गेम्सनाच वाहिलेलं होतं. त्यात १९९३ साली मुस्तफावर काय आलं, ते कुणी पाहिलंय का? जपानी वाचणारं कुणी असेल तर दोन-तीन ओळींचा अर्थ सांगितला तरी पुरे. ब्रिटनच्या 'कॉम्प्युटर अँड व्हिडिओ गेम्स' मासिकाचे त्या वर्षीचे अंक कुणी चाळले असतील तर तेही सांगा. अंक, महिना आणि पान क्रमांक दिलात तर फार बरं, ऐकीव माहिती लेखात घालायची नाही.

आणि नाशिककरांना खास विनंती. शालिमार, सिडको, पंचवटी, कुठल्याही भागातलं पार्लर आठवत असेल तर तिथे कोणते गेम होते आणि एका डावाला किती पैसे पडायचे ते लिहा. त्या वेळी पार्लर चालवणारे कुणी इथे असतील तर त्यांच्याशी बोलायला मला खूप आवडेल. नवीन मशीन आणायचं ते कशावरून ठरवायचे, हे मला त्यांच्याच तोंडून ऐकायचंय.

लेख गणपतीच्या आधी द्यायचा आहे.